प्राणघातक अपघातांची चौकशी : हेतू, पद्धती आणि जबाबदारी



कारखान्यात, खाणीत, बांधकामावर किंवा शेतात काम करीत असताना एखाद्या श्रमिकाचा मृत्यू ओढवतो, त्या क्षणी शासनावर, मालकावर आणि समाजावर तीन कर्तव्ये येऊन पडतात. मृताच्या कुटुंबाला आधार देणे हे पहिले कर्तव्य. कोणी दोषी असल्यास त्याला कायद्यापुढे उभे करणे हे दुसरे. आणि तसाच मृत्यू पुन्हा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये अशी तजवीज करणे हे तिसरे. पहिल्या कर्तव्यासाठी आपल्या देशात १९२३ सालीच नुकसानभरपाईचा कायदा झाला. दुसऱ्यासाठी पोलीस यंत्रणा आणि न्यायालये आहेत. तिसरे कर्तव्य मात्र पुष्कळदा पहिल्या दोहोंच्या सावलीत राहून जाते. भरपाईची रक्कम दिली, गुन्हा नोंदला, की प्रकरण संपले असे मानले जाते. ज्या यंत्राने, ज्या खड्ड्याने किंवा ज्या वायूने एक जीव घेतला ते यंत्र, तो खड्डा आणि तो वायू तेथेच असतात. दुसऱ्या दिवशी नवा मनुष्य त्याच जागी कामाला उभा राहतो.

या तिसऱ्या कर्तव्याचे साधन म्हणजे चौकशी. ती कशासाठी करावयाची, कशी करावयाची आणि तिच्यातून निघालेल्या निष्कर्षांचे पुढे काय व्हावे, या तीन प्रश्नांचा विचार अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांनीही करणे अगत्याचे आहे.

एकच कारण, पुनःपुन्हा

चौकशीचे मोल समजण्यासाठी कोळसा खाणींचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथील खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामातील पाण्याचा लोंढा अकस्मात घुसला आणि सुमारे ३७५ कामगार त्यात प्राणास मुकले. स्वतंत्र भारतातील खाण अपघातांत इतका मोठा संहार दुसरा झालेला नाही. जुन्या खोदकामात साचलेले पाणी हा खाणीतील अनोळखी शत्रू नव्हे. अशा खोदकामापासून साठ मीटरच्या आत परवानगीवाचून काम करू नये आणि पुढे सरकताना आधी लांब छिद्रे घेऊन पलीकडे पाणी आहे किंवा कसे याचा शोध घ्यावा, अशी तरतूद १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत होतीच.

यानंतर १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंज येथील महाबीर खाणीत जुन्या खोदकामाचे पाणी घुसले. तेथे भूपृष्ठापासून एक मोठे छिद्र खणून, त्यातून पोलादी पिंजरा खाली सोडून ६५ कामगारांना जिवंत वर काढण्यात आले. सहा जण मात्र वाचू शकले नाहीत. २ फेब्रुवारी २००१ रोजी झरिया क्षेत्रातील बागडिगी खाणीत तोच प्रकार घडून २९ जणांचा अंत झाला. डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयातील क्सान येथे अरुंद बिळांसारख्या बेकायदा खाणीत पाणी शिरून १५ मजूर आत अडकले आणि त्यांतील कोणीही जिवंत बाहेर आला नाही.

चार ठिकाणे, चार निरनिराळे काळ, परंतु कारण एकच. पाणी कोठे साचले आहे याचे अचूक नकाशे नसणे, असलेल्या नकाशांवर विसंबून राहणे, अथवा नियम ठाऊक असूनही उत्पादनाच्या घाईत तो बाजूला ठेवणे. एका अपघाताने शिकविलेला धडा दुसऱ्या खाणीपर्यंत पोहोचला नाही, तर पहिल्या खाणीतील माणसे व्यर्थ गेली असेच म्हणावे लागते. चौकशीचा खरा कस येथेच लागतो. एका जागी मिळालेले ज्ञान शंभर जागी पोहोचले काय, हा तिच्या यशाचा मापदंड आहे.

दोष शोधणे आणि कारण शोधणे

अपघातानंतर सर्वांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो ‘चूक कोणाची?’ हा. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या उत्तराने प्रतिबंध साधत नाही. अनेक अहवालांत ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला’ या एका वाक्यावर प्रकरण मिटविलेले आढळते. या वाक्याची एक सोय असते. ज्याच्यावर ते ठपका ठेवते तो उत्तर देण्यास हयात नसतो.

माणूस थकतो, त्याचे लक्ष ढळते, तो घाई करतो, सवयीने धोक्याकडे दुर्लक्ष करतो. हा मनुष्यस्वभाव आहे आणि तो कोणत्याही परिपत्रकाने पालटत नाही. म्हणून शहाणी व्यवस्था अशी असावी लागते की, माणसाची एक चूक त्याच्या मरणापर्यंत जाऊ नये. चौकशी करणाऱ्याने ‘त्याने चूक का केली?’ एवढ्यावर न थांबता ‘त्याची चूक अडविणारे काहीच मध्ये का नव्हते?’ हे विचारले पाहिजे.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, मळणीच्या हंगामात रात्रीच्या वेळी मळणी यंत्रात पेंढी सारताना एका मजुराचा हात आत ओढला गेला आणि रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. वरवरचे उत्तर असे की, त्याने हात फार पुढे नेला. आता प्रश्नांची साखळी पुढे न्यावी. हात इतका पुढे का गेला? कारण पेंढी सारण्याचे तोंड आखूड व उघडे होते. ते तसे का होते? कारण लांब व झाकलेले तोंड असलेले यंत्र किंचित महाग पडते आणि मालकाने स्वस्त यंत्र घेतले. काम रात्री का चालले होते? कारण वीज रात्रीच मिळत होती. उजेड पुरेसा होता काय? एकच दिवा होता. मजूर किती तास उभा होता? सकाळपासून. यंत्र बंद करण्याची कळ कोठे होती? यंत्राच्या पलीकडच्या बाजूला, त्याच्या हाताला न येणाऱ्या जागी. रुग्णालयात नेण्यास किती वेळ लागला? वाहन मिळेपर्यंत बराच.

प्रत्येक उत्तरातून एक उपाय निघतो, आणि त्यांपैकी ‘मजुराने सावध राहावे’ हा उपाय सर्वांत दुबळा आहे. मळणी यंत्रांसारख्या यंत्रांनी होणाऱ्या अपघातांची दखल घेऊनच संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत केला. यंत्र मुळातच सुरक्षित बनविण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा हा विचार अपघातांच्या अभ्यासातूनच आलेला आहे.

हवाई वाहतुकीच्या क्षेत्रात हा भेद फार पूर्वी ओळखला गेला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारास १९५१ साली जोडलेल्या तेराव्या परिशिष्टानुसार विमान अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोष वा दायित्व ठरविणे हा नव्हे. आपल्या देशात रेल्वे अपघातांची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली न ठेवता नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवण्यात आला आहे. ज्याच्या कारभाराची चौकशी व्हावयाची, त्याच्याच अधिकाराखाली चौकशी करणारा नसावा, हे तत्त्व त्यामागे आहे. याचा अर्थ गुन्हेगाराला मोकळे सोडावे असा नाही. फौजदारी तपास आपल्या मार्गाने चालावा. पण प्रतिबंधासाठी होणाऱ्या चौकशीत साक्ष देणाऱ्या कामगाराला, मुकादमाला किंवा फोरमनला भय वाटू लागले, तर सत्य बाहेर येत नाही आणि सत्यावाचून उपाय सापडत नाही.

चौकशीची पद्धती

चौकशीची पहिली पायरी म्हणजे घटनास्थळाचे रक्षण. जखमींना बाहेर काढून वीज, वायू आणि यंत्रे सुरक्षितपणे बंद केल्यानंतर तेथील कोणतीही वस्तू हलवू नये. तुटलेला दोर, निखळलेली संरक्षक जाळी, झडपेची स्थिती, विजेचे जळलेले जोड हे मूक साक्षीदार होत. कामाची घडी पुन्हा बसावी म्हणून रातोरात जागा धुऊन स्वच्छ करणे म्हणजे या साक्षीदारांचे तोंड बंद करणे होय. छायाचित्रे, मोजमापे आणि रेखाचित्र त्याच दिवशी घ्यावे.

दुसरी पायरी जबाबांची. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब शक्य तितक्या लवकर, एकेकट्याने आणि त्यांच्याच भाषेत घ्यावेत. त्यांना उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत. मृताच्या सहकाऱ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा, तो असा की, हे काम रोज प्रत्यक्षात कसे चालते? लेखी नियम आणि रोजची रीत यांत जे अंतर असते, त्या अंतरातच बहुतेक अपघातांचे मूळ सापडते.

तिसरी पायरी म्हणजे घटनाक्रम. अपघाताच्या क्षणापासून मागे जात प्रत्येक घडामोड वेळेसह मांडावी. दुरुस्ती केव्हा झाली, पाळी केव्हा बदलली, जाणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीला काय सांगितले, परवानगी कोणी दिली, हे सर्व त्यात यावे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलविहिरीच्या तळावर आग लागून १६७ जण मृत्युमुखी पडले. तेथे दुरुस्तीसाठी सुरक्षा झडप काढलेला पंप रात्रीच्या पाळीने सुरू केला, कारण झडप काढल्याची माहिती त्या पाळीपर्यंत नीट पोहोचलीच नव्हती. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या आणि त्या उद्योगाची सुरक्षिततेची चौकटच बदलली. कागदाचा एक तुकडा योग्य हातात न पडणे हेही प्राणघातक ठरू शकते, हे त्या चौकशीने दाखवून दिले.

चौथी पायरी उपायांची. उपायांची एक उतरंड मानली जाते. धोका मुळातच नाहीसा करणे हे सर्वोत्तम. ते शक्य नसेल तर धोकादायक पदार्थाऐवजी किंवा पद्धतीऐवजी कमी धोक्याची योजावी. त्याखाली संरक्षक आच्छादने, कुंपणे व आपोआप बंद पडणाऱ्या कळा. त्याखाली नियम, प्रशिक्षण व देखरेख. सर्वांत शेवटी शिरस्त्राण, हातमोजे, पट्टा ही वैयक्तिक साधने. ज्या अहवालात केवळ शेवटच्या दोन पायऱ्यांचेच उपाय सुचविलेले असतात, तो अहवाल अर्धवट समजावा.

कायद्याची चौकट

१९४८ च्या कारखाने अधिनियमात अपघाताची सूचना देण्याचे बंधन कलम ८८ अन्वये घातले होते. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात भर पडून, मृत्यू झालेल्या अपघाताची चौकशी सूचना मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत करणे संबंधित प्राधिकाऱ्यास आवश्यक झाले. मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीने आली. खाणींसाठी १९५२ च्या खाण अधिनियमाने मोठ्या दुर्घटनेनंतर चौकशी न्यायालय नेमण्याची व्यवस्था केली होती. हे व यांसारखे अनेक कायदे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत एकत्र आणण्यात आले असून, अपघाताची सूचना आणि मृत्यूची चौकशी ही दोन्ही बंधने तिच्यातही कायम आहेत.

कायदा जितका बळकट, तितकी त्यामागे कोणाच्या तरी मृत्यूची कथा असते. याचे सर्वांत विदारक उदाहरण भोपाळचे. १९८१ च्या डिसेंबरात तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा मृत्यू झाला. १९८२ साली कंपनीच्याच तज्ज्ञांनी कारखान्याची पाहणी करून अनेक उणिवा नोंदविल्या. इशारा मिळाला होता, तो कागदावरही आला होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा ती टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणारी चिमणी निकामी होती. त्या रात्री व त्यानंतर हजारोंचे प्राण गेले. यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला. १९८७ च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण कारखाने अधिनियमात आले. त्यात सुरक्षा समित्यांमध्ये कामगारांचा सहभाग आणि धोक्याची पूर्वसूचना देण्याचा कामगारांचा हक्क मान्य करण्यात आला. १९८१ च्या एका मृत्यूतून जे शिकता आले असते, ते शिकण्यासाठी हजारो मृत्यू व्हावे लागले.

मुंबईकरांना असाच एक धडा त्यापूर्वी मिळाला होता. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून त्यातील स्फोटकांचा भीषण स्फोट झाला. त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरलेल्या होत्या. ज्वलनशील माल आणि स्फोटके एकत्र ठेवू नयेत, हे सामान्य ज्ञान युद्धकाळाच्या निकडीत मागे पडले होते. आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान धारातीर्थी पडले. आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

गावाच्या वेशीत

या गोष्टी कारखान्यांच्या आणि शहरांच्या आहेत असे मानून गावाने निश्चिंत राहू नये. विहिरीत उतरवून चालविलेल्या डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. शेणखताच्या, मैल्याच्या आणि मळीच्या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो, परंतु तो अधिक झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच नष्ट होते आणि धोका टळला असा भास होतो. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंदिस्त जागेत तो पुरेसा कमी झाला, तर आत उतरलेला मनुष्य हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. पेटता कंदील आत सोडून पाहण्याची जुनी रीत अपुरी आहे. कार्बन मोनॉक्साइड तिला कळत नाही आणि मिथेन असेल तर तीच स्फोटाला कारण होते.

अशा अपघातांत एक बाब पुनःपुन्हा दिसते. पहिला मनुष्य कोसळतो, त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. २०२४ च्या एप्रिल महिन्यात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील वाकडी येथे शेणाने भरलेल्या एका जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचविण्याच्या प्रयत्नात पाच जणांचा बळी गेला. धैर्य होते, माया होती. नव्हते ते ज्ञान आणि कमरेला बांधलेला दोर.

मैल्याच्या टाक्यांत माणूस उतरविण्यास २०१३ च्या अधिनियमाने प्रतिबंध केला आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लक्ष रुपये व २०२३ साली ३० लक्ष रुपये भरपाई ठरविली. तरीही टाकी उपसण्याचे काम कोणाला तरी तोंडी सांगितले जाते आणि मृत्यूनंतर तो कोणाचा कामगार होता हेच सिद्ध होत नाही. पंचायतीने किंवा शाळेने अशा कामाचा लेखी आदेश दिला, कंत्राटदाराची नोंद ठेवली आणि यंत्राने उपसण्याची अट घातली, तर मृत्यूही टळतो आणि जबाबदारीही ठरते.

पंचायत सदस्यांना पंचनाम्याचा चांगला परिचय असतो. आकस्मिक मृत्यूच्या पंचनाम्यात प्रेताची स्थिती, जखमा आणि घटनास्थळाचे वर्णन असते. त्याचा उद्देश घातपाताची शंका निवारण्याचा असल्याने, मृत्यू अपघाती ठरला की त्याचे काम संपते. गावाचे काम मात्र तेथून सुरू व्हावे. ग्रामसभेत त्या घटनेवर तीन प्रश्न विचारता येतील. गावात असेच यंत्र, अशीच विहीर, अशीच विजेची तार आणखी कोठे आहे? ती सुरक्षित करण्याचे काम कोण करील? ते केव्हा पुरे होईल? उत्तरे इतिवृत्तात लिहावीत आणि पुढच्या सभेत ती वाचून दाखवावीत.

शिक्षकांचे कार्य याहून सूक्ष्म आहे. विज्ञानाच्या तासात वायूंचे गुणधर्म शिकविताना गावातील विहिरीचा उल्लेख यावा, विद्युतप्रवाह शिकविताना ओल्या हाताचा आणि उघड्या तारेचा. मुले हे ज्ञान घरी नेतात आणि पुष्कळदा वडीलधाऱ्यांना थांबविणारा आवाज त्यांचाच असतो.

अहवालानंतर

चौकशीचे सर्वांत नाजूक अंग तिच्या समाप्तीनंतर सुरू होते. अहवाल कपाटात जातो आणि शिफारशी विसरल्या जातात, हा अनुभव नवा नाही. म्हणून प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि मुदत लिहिलेली असावी. सहा महिन्यांनी कोणीतरी प्रत्यक्ष जागेवर जाऊन ती अंमलात आली काय हे पाहावे. अहवालाचा सारांश, खासगी नावे वगळून, त्याच प्रकारचे काम करणाऱ्या इतर आस्थापनांना पाठवावा. मृताच्या कुटुंबाला तो समजेल अशा भाषेत सांगावा. आपला माणूस का गेला हे जाणून घेण्याचा त्यांचा हक्क सर्वांत वरचा आहे.

मोठा अपघात बहुधा एकाएकी येत नाही. त्यापूर्वी लहान इजा आणि थोडक्यात टळलेले प्रसंग घडून गेलेले असतात. दोर निसटला पण कोणी खाली नव्हते, वायू गळला पण वारा होता, झटका बसला पण हात सुटला, अशा प्रसंगांची नोंद करण्याची सवय लागली तर मृत्यूची वाट न पाहता चौकशी करता येते. त्यासाठी नोंद करणाऱ्याला दटावणी न मिळता शाबासकी मिळाली पाहिजे. ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनादिनी देशभर सुरक्षा दिन साजरा होतो. त्या दिवशी घेतल्या जाणाऱ्या प्रतिज्ञेबरोबर गेल्या वर्षातील अशा प्रसंगांची यादी प्रत्येक कारखान्यात आणि पंचायतीत वाचली गेली, तर त्या दिनाचे सार्थक होईल.

श्रमिक कामावर जातो तो संध्याकाळी घरी परत येण्यासाठी. ज्या दिवशी तो परत येत नाही, त्या दिवशी त्याचे प्राण परत देणे कोणाच्याही हाती उरत नाही. त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी उभा राहणारा मनुष्य सुखरूप परतावा, एवढे मात्र चौकशी करणाऱ्याच्या, मालकाच्या, शासनाच्या आणि गावाच्या हाती निश्चित असते.